विश्लेषण : जुना लॅपटॉप, लिनक्स आणि यूएसबी मायक्रोकंट्रोलर... बोर्ड जोडूनही ‘पोर्ट सापडत नाही’, असे का होते?

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मुंबईच्या उपनगरांतल्या अनेक घरांत मोठ्या भावंडाकडून धाकट्याकडे आलेला, एरवी धडधाकट असलेला लॅपटॉप अडचणीत आला. अशा लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट यांसारखे लिनक्स टाकले की तो पुन्हा चालू लागतो. पण मुलुंड किंवा बोरिवलीतल्या डिप्लोमाच्या, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची गाडी नंतर एका वेगळ्याच ठिकाणी अडते. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड यूएसबीला जोडला, दिवा लागला, प्रोग्राम लिहून झाला, पण तो बोर्डात जात नाही. पडद्यावर कधी ‘पोर्ट सापडत नाही’, तर कधी ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. बहुतेकांचा पहिला निष्कर्ष बोर्ड खराब आहे हाच असतो. मग पुन्हा ग्रँट रोडची लोकल, पुन्हा लॅमिंग्टन रोड, पुन्हा काही शे रुपये. दोष बहुतेक वेळा बोर्डात नसतोच. तो कुठे असतो आणि कसा शोधायचा?

मायक्रोकंट्रोलर आणि यूएसबीचा संबंध काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना एकाच चिपमध्ये असलेला छोटा संगणक. वॉशिंग मशीन, विजेचा डिजिटल मीटर, लिफ्टचे पॅनेल अशा सगळ्यांत तो असतो. इंटेलने १९८० मध्ये आणलेली ८०५१ ही त्यातली सर्वात दीर्घायुषी घराण्याची मूळ चिप. भारतातल्या अभियांत्रिकी आणि डिप्लोमाच्या कित्येक पिढ्या तिच्यावरच शिकल्या.

पूर्वी या चिपमध्ये प्रोग्राम भरायला वेगळे यंत्र लागे. चिप बोर्डातून उपटायची, प्रोग्रामरमध्ये बसवायची, भरून झाली की परत बोर्डात. या खटाटोपात पिना वाकायच्या. पुढे संगणकाच्या पॅरलल पोर्टमधून म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीतून प्रोग्राम भरणारे स्वस्त जुगाड आले. पण लॅपटॉपवरून तो पोर्टच नाहीसा झाला. उरला यूएसबी. १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या या जोडणीच्या शिल्पकारांमध्ये इंटेलमधले अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे अभियंते होते.

मात्र ‘यूएसबीचा बोर्ड’ असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकत्र करत असतो. काही बोर्डांत मुख्य चिपला यूएसबी कळतच नाही. शेजारी एक दुभाषी चिप बसवलेली असते. ती यूएसबीचे रूपांतर जुन्या सीरियल संदेशात करते. आर्डुइनो उनो किंवा बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नॅनोच्या नकला या प्रकारातल्या. दुसऱ्या प्रकारात यूएसबी मुख्य चिपच्याच पोटात असते. रास्पबेरी पाय पिको हा त्यातला. आणि पवईत तयार झालेला पीटी-५१ हाही त्यातलाच. लिनक्सवर या दोन प्रकारांचे आजार वेगळे, औषधही वेगळे. निम्मा गोंधळ इथेच होतो.

पवईचा पीटी-५१ काय आहे?

आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात वाधवानी इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आहे. संस्थेचे माजी विद्यार्थी रोमेश वाधवानी यांच्या नावाची ही प्रयोगशाळा ‘वेल’ या लघुनावाने ओळखली जाते. तिथे ८०५१ शिकवण्यासाठी पीटी-५१ हा बोर्ड तयार करण्यात आला. त्यातली चिप अ‍ॅटमेल कंपनीची एटी८९सी५१३१ए. (अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिप कंपनीत विलीन झाली.) आतला गाभा जुन्या ८०५१ चाच, पण सोबत यूएसबी, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश आणि त्याखेरीज ३ किलोबाइटची एक वेगळी, राखीव जागा.

ही राखीव जागा महत्त्वाची. तिथे ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम कारखान्यातूनच भरलेला असतो. चिप रीसेट होताना ‘पीसेन’ ही पिन ग्राऊंडला जोडलेली असेल, तर चिप आपला नेहमीचा प्रोग्राम न चालवता बूटलोडर चालवते. बूटलोडर यूएसबीवरून संगणकाला सांगतो की, माझ्यात नवा प्रोग्राम भरता येईल. संगणक तो पाठवतो. काम संपले. वेगळा प्रोग्रामर नको, चिप उपटणे नको, आणि एकच केबल वीजही देते आणि प्रोग्रामही.

नवशिक्याला सर्वात जास्त भीती असते ती ‘पुसून टाका’ या आज्ञेची. ती दिली की बोर्ड कायमचा मेला, असा समज आहे. या चिपमध्ये ती आज्ञा ३२ किलोबाइटचा प्रोग्रामचा भाग पुसते. बूटलोडरची जागा वेगळी असल्याने तो शाबूत राहतो. पिकोमध्ये तर बूटलोडर न पुसता येणाऱ्या रॉममध्येच कोरलेला आहे. आर्डुइनो उनोचे मात्र तसे नाही. तिथे तो प्रोग्रामच्याच फ्लॅशमध्ये अर्धा किलोबाइट जागा व्यापून बसतो. म्हणून उनोमध्ये बाहेरच्या प्रोग्रामरने थेट काही भरले, तर बूटलोडर जाऊ शकतो.

केबल जोडल्यावर नेमके काय घडते?

हे एकदा समजले की पुढचे निदान सोपे होते. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात. पाच व्होल्ट, ग्राऊंड, आणि माहितीच्या दोन. मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत मात्र फक्त पहिल्या दोनच असतात. त्या चार्जिंगपुरत्या. अशा केबलने बोर्डाचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड जोडल्याचे कळतही नाही. ‘दिवा लागला म्हणजे केबल चांगली’ हे तर्कशास्त्र इथे साफ फसते. पहिली परीक्षा केबलचीच. तीच केबल मोबाइलला लावून फोटो संगणकावर येतात का, हे पाहिले की दोन मिनिटांत उत्तर मिळते.

चारही तारा असतील तर पुढचा संवाद सुरू होतो. बोर्ड माहितीच्या एका तारेवर दीड किलोओहमच्या रोधातून व्होल्टेज चढवतो. कोणीतरी आल्याचे संगणकाला त्यावरून कळते. तो त्याला रीसेट करतो. नव्याने आलेल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता सुरुवातीला शून्य असतो. मग संगणक त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि विचारतो : तू कोण? उत्तरात बोर्ड दोन क्रमांक सांगतो. पहिला उत्पादकाचा, दुसरा उत्पादनाचा. चाळीत नवा भाडेकरू आला की सेक्रेटरी आधी नाव-गाव लिहून घेतो, तसेच हे. या दोन क्रमांकांवरून लिनक्स ठरवते की, याच्याशी बोलायला कोणता ड्रायव्हर बसवायचा.

हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहता येते, हा लिनक्सचा मोठा फायदा. टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरे जोडून, छोट्या लिपीत टाइप केली की जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते. बोर्ड काढून एकदा, लावून एकदा, अशी दोनदा यादी पाहावी. दुसऱ्या यादीत जी ओळ वाढली ती बोर्डाची. बूटलोडरमध्ये असलेला पीटी-५१ तिथे अ‍ॅटमेलच्या नावाने दिसतो. नॅनोच्या स्वस्त नकलेवर बहुधा सीएच३४० ही दुभाषी चिप असते, तिचे क्रमांक १ए८६ आणि ७५२३. ओळ वाढलीच नाही तर केबल, पोर्ट किंवा बोर्ड यांपैकी एकात दोष. ओळ वाढली, तर बोर्ड जिवंत आहे. लॅमिंग्टन रोडला जाण्याची गरज नाही.

पीटी-५१ ही ओळ दाखवत नसेल तर आणखी एक शक्यता असते. तो बूटलोडरमध्ये नाही, आपला जुना प्रोग्रामच चालवत बसला आहे. आणि त्या प्रोग्रामने यूएसबी वापरलेली नसेल तर संगणकाच्या दृष्टीने तिथे कोणीच नाही. पीसेन ग्राऊंडला धरून रीसेट सोडायचे, हा क्रम चुकला की असे होते. क्रम महत्त्वाचा. आधी रीसेट सोडावे, मग पीसेन.

बोर्ड दिसतो, तरी ‘परवानगी नाही’ का म्हणते?

इथे लिनक्सचा स्वभाव आड येतो, आणि तो स्वभाव चुकीचा नाही. एका संगणकावर अनेक जण काम करणार, प्रत्येकाने कोणत्या यंत्राला हात लावायचा हे ठरलेले असावे, हा युनिक्सपासून चालत आलेला विचार. त्यामुळे जोडलेले प्रत्येक उपकरण लिनक्समध्ये एका फाइलसारखे दिसते आणि त्या फाइलला मालक व गट असतो.

दुभाषी चिप असलेल्या बोर्डांची फाइल ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाची असते. आर्डुइनो उनोची ‘टीटीवायएसीएम०’. उबुंटू आणि डेबियनमध्ये या दोन्हींचा गट ‘डायलआउट’ असतो. नाव ऐकून बुचकळ्यात पडायला होते. ते मोडेमने फोन लावून इंटरनेट जोडण्याच्या काळातले आहे. वापरकर्त्याचे नाव या गटात घातले की प्रश्न सुटतो. फक्त त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे लागते. नुसती टर्मिनलची खिडकी बंद-चालू करून भागत नाही. ‘सगळे केले तरी चालत नाही’ अशा तक्रारींत हे लॉगआउट राहिलेले असणे फार नेहमीचे.

पीटी-५१ चे निराळे. तो बूटलोडरमध्ये असताना सीरियल पोर्ट नसतोच, त्यामुळे आर्डुइनोच्या सवयीने पोर्टची यादी उघडून शोधणाऱ्याला तिथे काहीच मिळणार नाही. हे बोर्ड ‘डीएफयू’ म्हणजे उपकरणातला प्रोग्राम बदलण्याच्या यूएसबीच्या पद्धतीने बोलतात. त्यांच्यासाठी ‘यूडेव्ह’ या व्यवस्थेत एक नियम लिहावा लागतो. नियम एका ओळीचाच. अमुक उत्पादक क्रमांक आणि तमुक उत्पादन क्रमांक दिसला, तर समोर बसलेल्या वापरकर्त्याला तो वापरू द्यावा. त्यासाठी ‘यूअ‍ॅक्सेस’ ही खूण लावतात. इथे एक बारकावा आहे. नियमाच्या फाइलच्या नावाची सुरुवात आकड्याने होते आणि हा आकडा ७३ पेक्षा लहान हवा. कारण ती खूण वाचणारी व्यवस्थेची स्वतःची फाइल ७३ क्रमांकाची आहे. ९९ आकड्याने फाइल सुरू केली तर नियम बरोबर असूनही ही खूण वाया जाते. आणि बऱ्याच जुन्या मार्गदर्शिकांत ९९ च दिलेला असतो!

यावर सर्रास सांगितला जाणारा तोडगा म्हणजे प्रत्येक आज्ञेआधी ‘सुडो’ लावून प्रशासक व्हायचे. त्याने काम होते, पण दोन तोटे होतात. एक, प्रशासक म्हणून तयार झालेल्या फाइली पुढे स्वतःलाच बदलता येत नाहीत. दुसरा अधिक गंभीर. कुठूनतरी उचललेला प्रोग्राम संगणकाच्या सर्वाधिकारांसह चालवला जातो. एकदा निदानापुरते सुडो वापरावे. त्याने चालले, तर दोष परवानगीचाच हे सिद्ध झाले. मग नियम लिहावा आणि सुडो सोडावे.

अंधांसाठीचा प्रोग्राम आणि गायब होणारा पोर्ट?

उबुंटू २२.०४ वापरणाऱ्यांना एका विचित्र अडचणीने छळले. सीएच३४० चिपचा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर दिसे आणि लगेच नाहीसा होई. कारण ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्राम. अंध वापरकर्त्यांचा ब्रेल डिस्प्ले लावताच चालू व्हावा यासाठी तो उबुंटूमध्ये आधीपासून असतो. ज्या ब्रेल उपकरणासाठी ही सोय केली होती तेही हेच १ए८६:७५२३ क्रमांक सांगते. मग नॅनो लावला की या प्रोग्रामला वाटे ब्रेल डिस्प्ले आला, आणि तो बोर्ड ताब्यात घेई. चाळीच्याच भाषेत सांगायचे तर एकाच नावाचे दोन भाडेकरू आणि पोस्टमनची चूक.

प्रयोगशाळांत यावर बहुतेक जण तो प्रोग्राम काढूनच टाकतात. संगणक कोणी अंध व्यक्ती वापरत नसेल तर हरकत नाही. वापरत असेल तर मात्र फक्त त्या एका चिपपुरता यूडेव्हचा नियम बंद करावा. अडचण हीच आहे का, हे ‘डी-मेसेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदींत कळते. डी-एम-ई-एस-जी ही ती आज्ञा. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिला सुडो लागते. तिच्या शेवटच्या चार-पाच ओळींत बीआरएलटीटीवाय हे नाव सापडले की प्रकरण मिटले.

‘कील’शिवाय ८०५१ चा प्रोग्राम कसा लिहायचा?

महाविद्यालयांत ८०५१ साठी सर्वत्र ‘कील’ हा कंपायलर वापरला जातो. तो विंडोजवरचा. ८०५१ साठीची त्याची मोफत आवृत्ती २ किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्राम तयार करू देते. एलसीडी, कीपॅड आणि थोडे गणित एकत्र आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पूर्ण परवाना विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा. मग पेनड्राइव्हवरून फिरणारी ‘क्रॅक’ प्रत घेतली जाते, आणि तिच्यासोबत व्हायरसही. हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही.

लिनक्सवर याला सरळ पर्याय आहे. ‘एसडीसीसी’ अर्थात छोट्या उपकरणांसाठीचा सी कंपायलर. संदीप दत्ता यांनी तो मूळ लिहिला आणि मुक्तस्रोत केला. आज जगभरातले स्वयंसेवक तो सांभाळतात. उबुंटूच्या नेहमीच्या भांडारातूनच तो बसवता येतो. आकाराची मर्यादा नाही, परवाना नाही. त्याच भांडारात ‘डीएफयू-प्रोग्रामर’ हा दुसरा छोटा प्रोग्राम मिळतो. तयार झालेली फाइल यूएसबीवरून चिपमध्ये टाकण्याचे काम तो करतो. एटी८९सी५१३१ ही चिप त्याला नावानिशी माहीत आहे. विंडोजवर जे काम अ‍ॅटमेलचा ‘फ्लिप’ करतो, तेच हे.

कामाचा क्रम असा. प्रोग्राम एसडीसीसीने तयार केला की ‘आयएचएक्स’ अशा शेपटीची फाइल मिळते. ही इंटेलच्या हेक्स पद्धतीचीच. सोबत येणाऱ्या ‘पॅकआयएचएक्स’ने ती नेहमीच्या हेक्समध्ये आणतात. मग बोर्ड बूटलोडरमध्ये न्यायचा, आधी पुसायचे, नंतर भरायचे, आणि शेवटी रीसेट. एलईडी लुकलुकला की झाले. रीसेटनंतरही काही हलत नसेल तर ‘बीएलजेबी’ हा बिट तपासावा. रीसेट झाल्यावर चिपने थेट प्रोग्रामकडे जायचे की बूटलोडरकडे, हे तो एकटा बिट ठरवतो.

मग मुलांची दमछाक कुठे होते? भाषेत. मराठी कोल्हापूरला वेगळी आणि वेंगुर्ल्याला वेगळी, तशा कील आणि एसडीसीसी यांच्या ‘सी’च्या बोली वेगळ्या आहेत. पाठ्यपुस्तकातला जवळजवळ प्रत्येक नमुना कीलच्या बोलीत छापलेला. त्यात पोर्ट एकची सातवी पिन ‘पी१’ पुढे टोपीचे चिन्ह आणि ७ अशी लिहितात. एसडीसीसीला ही टोपी समजत नाही. त्याच्या तयार हेडर फाइलमध्ये त्याच पिनेचे नाव ‘पी१’, खालची रेघ, ‘७’ असे आहे. ‘इंटरप्ट’ हा शब्द कील साधा लिहितो, तर एसडीसीसी त्याच्याआधी दोन खालच्या रेघा मागतो. हेडर फाइलचे नावही निराळे. पुस्तकातला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला की पंधरा चुका येतात, आणि ‘लिनक्सवर ८०५१ चालत नाही’ असा शेरा मारून विषय संपतो. प्रत्यक्षात चार-पाच ठरावीक जागी बदल केला की तोच प्रोग्राम चालतो. हा फरक प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर छापायला काहीच हरकत नव्हती.

नवशिक्याने सुरुवात पीटी-५१ नेच करावी का?

अभ्यासक्रमात ८०५१ असेल तर हो, निदान त्या घराण्याच्या चिपने. पण शाळेतल्या मुलाला किंवा छंद म्हणून शिकणाऱ्याला पिको अधिक सोपा. हा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर या किमतीला जाहीर झाला. त्यावरचे ‘बूटसेल’ बटण दाबून केबल लावली की तो चक्क पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात एक फाइल ओढून टाकायची, बस. पेनड्राइव्ह म्हणून येत असल्याने या टप्प्यावर ना गटाची भानगड ना नियमाची. एकदा मायक्रोपायथन टाकले की मात्र तोही सीरियल पोर्ट होतो आणि ‘डायलआउट’ पुन्हा समोर येतो. तोवर पहिला दिवा लागलेला असतो, आणि नवशिक्यासाठी तेवढे पुरेसे असते.

आर्डुइनोचा फायदा म्हणजे त्याच्याभोवती जमलेले शिक्षणसाहित्य. पवईतच आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिक्षणात रुजवण्याचे काम केले आहे. सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधून आर्डुइनो चालवण्याची जोडणी त्यांचीच. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे छोटे दृक्‌श्राव्य धडे मराठीतही ऐकता येतात. धडा एका खिडकीत लावायचा, शेजारच्या खिडकीत तेच करत जायचे, अशी त्यांची रचना आहे. आधी लिनक्सचे दोन-तीन धडे आणि मग बोर्ड, हा क्रम ठेवला तर वर सांगितलेल्या अडचणी निम्म्याने कमी होतात.

आर्डुइनोचे नवे संपादक-सॉफ्टवेअर ‘अ‍ॅपइमेज’ स्वरूपात मिळते. उबुंटू २२.०४ वर त्यासाठी ‘लिबफ्यूज२’ आधी बसवावे लागते. नाहीतर दोनदा क्लिक करूनही काहीच उघडत नाही, संदेशही येत नाही.

विंडोजच्या आत लिनक्स चालवले तर?

अनेक जण लॅपटॉप पूर्णपणे लिनक्सवर नेण्याचे धाडस करत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू चालवतात. एरवी ठीक, पण यूएसबी बोर्डांसाठी हा सर्वात त्रासाचा मार्ग. बोर्ड नेहमीच्या अवस्थेतून बूटलोडरमध्ये गेला की त्याचा उत्पादन क्रमांक बदलतो. संगणकाला वाटते की एक उपकरण गेले आणि दुसरे आले. हे ‘दुसरे’ आतल्या उबुंटूऐवजी बाहेरच्या विंडोजकडे जाते, आणि ऐन प्रोग्राम भरताना संपर्क तुटतो. दोन्ही अवस्थांचे क्रमांक व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत वेगवेगळे नोंदवले तर चालते. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर यूएसबी आपोआप पोहोचतच नाही. त्यासाठी ‘यूएसबीआयपीडी’ हे वेगळे साधन लागते. त्यापेक्षा पेनड्राइव्हवरून थेट लिनक्स सुरू करून पाहणे सोपे. लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता दुपारभरात अंदाज येतो. मात्र पेनड्राइव्हवर बदल साठवण्याची सोय केली नसेल, तर बंद करताच गट आणि नियम दोन्ही पुसले जातात.

लॅपटॉपच नसेल तर? ओटीजी केबल आणि आर्डुइनोड्रॉइड हे अ‍ॅप वापरून अँड्रॉइड मोबाइलवरून आर्डुइनोत प्रोग्राम भरता येतो. सोय म्हणून उत्तम. पण छोट्या पडद्यावर अर्धविराम शोधणे हा डोळ्यांचा व्यायाम आहे.

सुटे भाग कुठे, आणि काय जपायचे?

अंधेरीतल्या सीप्झच्या पूर्ण नावात आजही ‘इलेक्ट्रॉनिक्स’ आहे. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीच ते क्षेत्र उभे राहिले. पुढे तिथे दागिने आणि सॉफ्टवेअर यांचा पसारा वाढला. किरकोळ सुट्या भागांसाठी उपनगरांतल्या विद्यार्थ्याला अजूनही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग गाठावा लागतो किंवा ऑनलाइन मागवावे लागते. बोर्ड घेताना त्यावर दुभाषी चिप कोणती, एवढे विचारून घ्यावे. दुकानदाराला ते माहीत असते.

विजेबाबत एक सावधगिरी. यूएसबी २ चा पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्यासाठी आहे. एलईडी, एलसीडी यांना ती भरपूर झाली. मोटर, रिले किंवा सर्वो मात्र बोर्डाच्या पाच व्होल्टवर चालवू नये. मोटर सुरू होताना व्होल्टेज कोसळते, बोर्ड रीसेट होतो आणि पोर्ट पुन्हा ‘गायब’ होतो. त्याचा शोध मग सॉफ्टवेअरमध्ये घेतला जातो आणि संध्याकाळ जाते. मोटरला वेगळी वीज द्यावी, फक्त दोन्हींचे ग्राऊंड एकत्र जोडावे.

एलईडीनंतर काय?

पीटी-५१ आणि पिको यांच्यासारख्या, यूएसबी पोटात असलेल्या चिपांचे खरे बळ इथून पुढे दिसते. बोर्ड स्वतःच कीबोर्ड, माऊस किंवा मोजमापाचे यंत्र म्हणून संगणकापुढे उभा राहू शकतो. हात नीट न चालणाऱ्या व्यक्तीसाठी दोन मोठ्या बटणांचा कीबोर्ड ही अशाच बोर्डावर शक्य होणारी गोष्ट. कीबोर्डचे ड्रायव्हर प्रत्येक प्रणालीत आधीच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही.

पण आपण बनवलेल्या यंत्राने ‘तू कोण?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? उत्पादक क्रमांक यूएसबीच्या जागतिक संघटनेकडून घ्यायचा तर हजारो डॉलर मोजावे लागतात. घाटकोपरच्या खोलीत यंत्र बनवणाऱ्याने ते कुठून आणायचे? दुसऱ्याचा क्रमांक उचलला तर काय होते ते ब्रेल डिस्प्लेच्या प्रकरणात दिसलेच. मुक्तस्रोत जगाने यावर एक वाट काढली आहे. ‘पिड कोड्स’ हा उपक्रम १२०९ या उत्पादक क्रमांकाखालचे उत्पादन क्रमांक मोफत वाटतो. अट एवढीच की, यंत्राचा आराखडा किंवा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला केलेला असावा.